वसतिगृहाची फरशी

"मॅडम, खाली दगड हाय," कल्याण म्हणाला. "शहाबादी. आन् सगळा शाबूत हाय."

त्यानं हातातली सळई पांढऱ्या टाइलवर पुन्हा ठोकली, कान तिरका करून ऐकलं आणि दोन पावलं पुढं सरकला. नगरमधल्या एका शिक्षणसंस्थेचं हे मुलींचं वसतिगृह. इमारत पन्नास वर्षांची. मधे कधीतरी कुणाला तरी जुनी फरशी नकोशी वाटली, म्हणून तिच्यावर सिमेंट पसरून चकचकीत टाइल बसवली होती. आता त्या टाइलही निखळायला लागल्या होत्या. संस्थेला वसतिगृह दुरुस्त करून त्याला हरित इमारतीचं प्रमाणपत्र मिळवायचं होतं आणि त्या कामावर देखरेख करायला पुण्याहून रेश्मा ही तरुण इंजिनिअर यायची. नवी टाइल आणण्यापेक्षा आहे ती फरशी वाचवली तर प्रमाणपत्रात गुण जास्त मिळणार होते, राडारोडाही कमी निघणार होता. पण टाइल काढताना खालचा दगड फुटेल, असं जो तो सांगत होता. शेवटी ठेकेदार भागवत म्हणाला, "एक माणूस आहे. त्याला दगडाचं ऐकू येतं." आणि त्यानं कल्याणला आणलं.

कल्याणबरोबर त्याची बायको जया होती. ती नेहमीच असायची. तो घासाईचं मशीन चालवायचा. ती पाणी ओतायची, गाळ ओढायची, झाडायची. त्या दिवशी दोघांनी व्हरांड्याच्या कोपऱ्यातल्या चार टाइल उचकटल्या, खालचा सिमेंटचा थर हलक्या हातानं छिन्नीनं सोलला आणि मशीन लावलं. आधी साठ नंबरचा खरखरीत घासदगड, मग एकशेवीस, मग दोनशेवीस. जयानं पाणी मारून फडकं फिरवलं, तसा निळसर राखाडी रंग वर आला.

रेश्मानं वाकून त्यावर तळहात टेकवला. "एवढं छान झाकलं कुणी?"

"ज्यानं झाकलं त्यालाच इचारा," कल्याण हसला आणि हसता हसता त्याला खोकल्याची ढास लागली. तो पायरीवर बसला. जया त्याची पाठ चोळत राहिली. ढास थांबायची ती वाट बघत होती, पण नजर दुसरीकडेच होती. त्याच्या तोंडाकडं बघितलं की त्याला लाज वाटते, हे तिला ठाऊक होतं.

दोघं पाथर्डीकडची. त्यांच्या गावात दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जायचं. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडं एक कोयता म्हणतात. जयाचं लग्न झालं तेव्हा सासऱ्यानं मुकादमाला सांगूनही ठेवलं होतं, यंदा आमचा एक कोयता वाढला. पण पहिल्याच हंगामात, कारखान्याच्या गेस्टहाउसमध्ये फरशी घासणारी माणसं कल्याणनं बघितली आणि त्यांच्यातल्या एकाच्या मागं लागून काम शिकला. पुढच्या दिवाळीला मुकादमाची गाडी दारात आली तेव्हा त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, "माझ्या बायकोच्या डोक्यावर मोळी द्यायची न्हाई." जया तेव्हा पोटुशी होती. आजही ती ते वाक्य त्याच्या आवाजात सांगू शकायची.

तेव्हापासून बावीस वर्षं दोघं नगरमध्ये होती. केडगावात भाड्याची खोली, हातात स्वतःचं मशीन. एकुलती एक मुलगी ज्ञानेश्वरी संभाजीनगरला नर्सिंग शिकत होती. कल्याणनं या वर्षांत काय काय घासलं होतं त्याला गणती नाही. मोझॅक, काँक्रीट, मंगल कार्यालयांच्या फरशा. स्वयंपाकाच्या ओट्यांचा ग्रॅनाईट तो कटरनं कोरडाच कापायचा, कारण घरमालकांना पाण्याचा चिखल नको असायचा. धुरळा एवढा उडायचा की दोघं एकमेकांना दिसायची नाहीत. मग तो उपरण्यानं आणि ती पदरानं नाक पुसायची आणि जया झाडू हातात घ्यायची.

वसतिगृहात मात्र सगळंच निराळं होतं. रेश्मानं भागवतला यादी दिली होती. घासाई फक्त पाण्यात करायची. कापायचं असेल तर धूळ ओढणारं मशीन जोडूनच. गाळ गटारात सोडायचा नाही, टाकीत निवळू द्यायचा आणि वरचं पाणी पुन्हा वापरायचं. शेवटचं लेपन बिनवासाचं हवं. प्रत्येकाला मास्क हवा. आणि काम सुरू व्हायच्या आधी मशीन चालवणाऱ्या प्रत्येकाच्या छातीचा एक्स-रे.

"बापजन्मात कोणी असलं मागितलं नाही," भागवत कुरकुरला. पण त्यानं कल्याणला पाठवलं.

छातीच्या डॉक्टरांनी फिल्म दिव्यावर लावली. मग त्यांनी विचारलं, "काम काय करता?"

"फरशी घासाईचं."

"टीबीची औषधं घेतलीत?"

"दोनदा. गावाकडच्या डॉक्टरनं दिली हुती."

"टीबी नव्हता हा. दगडाचा धुरळा आहे. वर्षानुवर्षं आत गेला आणि फुफ्फुसात बसला. याला सिलिकोसिस म्हणतात." डॉक्टरांनी पेनच्या टोकानं फिल्मवरचे पांढरे ठिपके दाखवले. "बसलाय तो काढता येत नाही. यापुढं धुळीच्या जागी पाऊल ठेवायचं नाही. फार उशीर झालाय, पण तरीही नाही."

जया शेजारी उभी होती. कल्याण फिल्मकडं बघत एवढंच म्हणाला, "चांदन्या पडल्यात जनू."

रिपोर्ट रेश्माकडं गेला. तिनं फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण ती दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं नगरला आली. वसतिगृहाच्या फाटकाशी तिनं दोघांना बाजूला घेतलं.

"कल्याणभाऊ, मला तुम्हाला आत घेता येणार नाही. नियम आहे, आणि तुमच्या भल्याचाही आहे."

कल्याण आधी हसला. मग त्याचा आवाज चढला. "मॅडम, बावीस वर्सं कोरडा धुरळा खाल्ला, तवा कुनी अडवलं न्हाई. लोकांनी च्या पाजला, पाठ थोपाटली. आता पयल्यांदा पान्यातलं काम हाय, तोंडाला मास्क हाय, धूळ वढायला मशीन हाय. आन् आता म्हनताय, भाईर थांब?"

रेश्मा फाटकाच्या कडीकडं बघत राहिली.

"ती फरशी मी ऐकली हाय," कल्याण हळू आवाजात म्हणाला. "दुसऱ्याच्या हातानं फुटंल ती."

"मशीन मी चालवते," जया म्हणाली.

दोघांनीही तिच्याकडं बघितलं. तिनं पदर कमरेला खोचला. "ह्यांना ढास लागली की मीच चालवत हुते दोन वर्सांपासनं. कुनाला सांगितलं न्हाई येवढंच."

रेश्मा लगेच म्हणाली, "मग ताई, तुमचाही एक्स-रे काढावा लागेल."

"काढते की," जया म्हणाली.

पण तिनं काढला नाही. पहिल्या आठवड्यात भागवतनं गाडी पाठवली, तेव्हा पाहुणे आल्याचं कारण सांगितलं. दुसऱ्या वेळी अंगात कणकण असल्याचं. भागवतला कामाची घाई होती, त्यानं पुन्हा विचारलं नाही. रेश्मा पंधरा दिवसांतून एकदा यायची, तिला वाटलं झालं असेल. जयाच्या मनात साधा हिशेब होता. फोटोत काही निघालं तर तिलाही फाटकाबाहेर उभं करतील. मग ती फरशी कोण करणार? आणि घरी गेल्यावर नवऱ्याला काय सांगणार?

तीन महिने काम चाललं. जया सकाळी मशीनशेजारी फोन उभा करायची आणि केडगावच्या खोलीत कल्याण उशीला टेकून ऐकायचा.

"साठ नंबर झिजलाय," फोनमधून आवाज यायचा. "बदल. दगड रडतोय."

ती बघायची, तर खरंच झिजलेला असायचा.

सात नंबरच्या खोलीत एक फरशी आडवी तडकलेली निघाली. भागवत म्हणाला, काढून टाका, नवी बसवू. जयानं कल्याणला व्हिडिओ दाखवला. तो म्हणाला, "काडू नको. टाकीतला गाळ वाळीव, चाळून घे आन् त्याचीच पूड चिकट रेझिनमदी कालवून भर. त्याच फरशीची पूड हाय, रंग तोच येईल." रंग तोच आला. रेश्मानं ती चीर शोधायचा प्रयत्न केला, तिला सापडली नाही. तिनं वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, "कल्याणभाऊंना सांगा, हे मी माझ्या अहवालात घेणार आहे."

जयानं संध्याकाळी त्याला ते सांगितलं. त्या दिवसांत कल्याण फार बोलू शकत नव्हता. चार शब्द बोलला की थांबायचा. तरी रोज एक गोष्ट तो बोलायचाच. "उसात असतो तर पाठ मोडली असती तुजी. निदान त्यातनं तरी काडली मी तुला." जया भाकरी थापत "व्हय" म्हणायची.

फरशी झाली. चौदा खोल्या, व्हरांडा आणि मोठा हॉल. रेश्मा कागदपत्रं लावायला बसली, तेव्हा जयाच्या नावापुढची जागा तिला कोरी दिसली.

तिनं भागवतला बोल लावला, स्वतःलाही लावला आणि जयाला गाडीत बसवून थेट त्याच डॉक्टरांकडं नेलं. यावेळी जयानं कारण सांगितलं नाही. काम संपलं होतं.

डॉक्टरांनी फिल्म लावली. पेनचं टोक पुन्हा ठिपक्यांवर फिरलं. ठिपके कमी होते, बारीक होते. "सुरुवात आहे. या तीन महिन्यांत नाही झालं हे, जुनं आहे. कोरडा धुरळा झाडायचात का?"

"झाडनार कोन दुसरं?" जया म्हणाली.

"यापुढं नाही. दर वर्षी तपासायचं. वेळेत कळलंय तुम्हाला."

बाहेर गाडीत बसल्यावर रेश्माच्या डोळ्यांत पाणी आलं. जयाच्या आलं नाही. ती म्हणाली, "मॅडम, हे ह्यांना कळाया नको."

"ताई, त्यांना सांगायला हवं. ते तुमचे..."

"त्यांच्याकडं आता एकच गोष्ट उरलीय. मला उसातनं काडलं, ही. तिच्यावर दिवस काडत्यात ते. ती तुमी त्यांच्याकडनं काडून घिऊ नका."

"मी रिपोर्टमध्ये खोटं लिहू शकत नाही."

"कोन म्हनतंय लिवा? लिवा खरंच. बोला खोटं."

आठ दिवसांनी रेश्मा केडगावच्या खोलीत गेली. कल्याणच्या नाकाला नळी होती, कोपऱ्यात ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं. त्यानं जयाला चहाचं बघायला सांगितलं आणि ती स्टोव्हकडं वळताच विचारलं, "जयाचा फोटो काडला म्हनं."

"हो."

"तुमी बगितला? सोताच्या डोळ्यांनी?"

"बघितला."

"कसा हाय?"

"साफ आहे," रेश्मा म्हणाली. तिची मान खाली होती. ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती.

कल्याणनं नाकाची नळी सारखी केली. "साफ फोटो कसा दिसतो, मॅडम? मी माजाच बगितलाय."

"काळा दिसतो. नुसता काळा. मधे बरगड्या."

"काळा," तो म्हणाला. "झ्याक."

मग त्यानं विषय बदलला. त्याला फरशी बघायची होती. आता घासाई बंद होती, सगळी इमारत धुऊन पुसून झाली होती, लेपन वाळलं होतं. नियमात बसत होतं. रविवारी भागवतनं स्वतःच्या गाडीतून त्याला आणलं, ऑक्सिजनचा सिलिंडर पुंजाराम नावाच्या गवंड्यानं उचलला. कल्याणनं फाटकाशी चपला काढल्या. व्हरांड्यात पाय ठेवला आणि थांबला. खिडक्यांचा उजेड फरशीवर पडला होता. तो भिंतीला हात लावत एकेक खोली बघत गेला. पायाच्या अंगठ्यानं सांधे चाचपत होता.

नऊ नंबरच्या खोलीच्या दाराशी तो वाकला. "ह्यो कोपरा ऱ्हायला."

"तिथं मशीन जात न्हाई," जया म्हणाली.

"मशीन जात न्हाई म्हनून हात दिल्यात देवानं."

सगळे हसले. कल्याण खाली बसला आणि हातानं घासायचा दगड मागू लागला. रेश्मा पुढं झाली, पण तिच्या आधी जयानं दगड उचलला. पाणी ओतून ती कोपरा घासू लागली. कल्याण शेजारी मांडी घालून बसला होता. "हळू. गोल फिरीव. दाबू नको. आता दोनशेवीस." अर्धा तास चाललं ते. नंतर त्यानं ओल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं आणि मान हलवली. त्याला उठवायला दोघं लागली.

त्या रविवारनंतर अकराव्या दिवशी तो गेला. दिवसाउजेडी, जया त्याला खिमट भरवत असताना. घास तोंडातच राहिला.

ज्ञानेश्वरी तेराव्यापर्यंत घरी थांबली. चौदाव्या दिवशी ती संभाजीनगरला परत जायची तयारी करत होती. बॅग भरता भरता ती म्हणाली, "आई, तुझा एक्स-रे दे. मी आमच्या सरांना दाखवते."

"कसला एक्स-रे?"

"तुझाच. सुरुवातीचे डाग आहेत ना."

जया भांडी घासत होती. हात तसेच राखेत राहिले. "तुला मॅडमनी सांगितलं?"

"नाही. आण्णांनी सांगितलं. महिना झाला असेल. फोन केला होता त्यांनी, तू बाहेर पाणी भरत होतीस." ज्ञानेश्वरी बॅगेची साखळी ओढत होती, ती अडकली होती. "म्हणाले, आईच्या छातीत बी चांदन्या हायत. ती साफ म्हणते, मॅडमबी साफ म्हणल्या. पण मॅडमना खोटं बोलता येत न्हाई, माझ्याकडं बघितलंच न्हाई त्यांनी. तू दर वर्षी आईचा फोटो काढत जा. आणि म्हणाले, मला कळलंय हे आईला मी हाय तवर सांगू नको. तिला वाटू दे, मी खुशीत हाय."

जया तेच पातेलं घासत राहिली. मग तिनं ते आपटलं. एवढ्या जोरात, की शेजारची बाई दारात आली आणि परत गेली.

"कळलं हुतं तर बोलले का न्हाईत?" ती ओरडली. "रोज तेच म्हनत हुते. उसातनं काडली, उसातनं काडली. मी व्हय म्हनत हुते. माहीत असून म्हनत हुते का गं ते? मला बरं वाटावं म्हनून?"

"असेल."

"आन् मी त्यांना बरं वाटावं म्हनून." नवरा गेला त्या दिवशी बायाबापड्यांनी ती रडावी म्हणून किती केलं होतं, ती रडली नव्हती. आता ती राखेच्या हातांनीच तोंड झाकून मोरीच्या कडेला बसली. "दोघं मिळून रडलो असतो की गं. एक दिस तरी. शेजारी शेजारी बसून रडलो असतो."

ज्ञानेश्वरी तिच्याजवळ बसली. स्टँडवरून तिची गाडी होती, ती तिनं जाऊ दिली.

पावसाळ्यानंतर वसतिगृहाला प्रमाणपत्र मिळालं. रेश्मानं बोलावलं होतं, गाडी पाठवते म्हणाली होती. जया गेली नाही. त्या दिवशी ती मुलीबरोबर संभाजीनगरच्या दवाखान्यात होती, तपासणीच्या रांगेत, आणि पुढच्या बाकावर बसलेल्या दगडखाणीतल्या एका माणसाच्या बायकोला सांगत होती, "डॉक्टर काय म्हनतील ते घरी जाऊन दोघंबी बोला. लपवू नका बाई."